सर्वांचे आकाश, मोजक्यांचे दान

आकाशाचे वेड धनवंतांना पूर्वापार आहे. कॅलिफोर्नियातील जेम्स लिक या गृहस्थाने आधी पियानो बनवून आणि मग जमिनींच्या व्यवहारांत अमाप पैसा मिळवला, आणि त्यातील सात लाख डॉलर त्या काळची जगातील सर्वांत मोठी दुर्बीण उभारण्यासाठी राखून ठेवले. माउंट हॅमिल्टनवरील ती वेधशाळा १८८८ साली विद्यापीठाच्या स्वाधीन झाली. दाता मात्र तोवर निवर्तला होता. त्याच दुर्बिणीच्या पायथ्याशी त्याला चिरविश्रांती देण्यात आली. योगायोग असा, की १८८८ सालीच आपल्या पुण्यातही एक वेधशाळा उभी राहिली. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीच्या आधारे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी विज्ञान महाविद्यालयात ती स्थापन केली. तिच्यातील वीस इंची दुर्बीण पुढे कोडाईकनालला गेली. १९२८ साली रॉकफेलर घराण्याच्या निधीतून साठ लाख डॉलर मिळाले आणि वीस वर्षांनी पालोमार पर्वतावर दोनशे इंची दुर्बीण सुरू झाली.

या देणग्यांनी कोणाच्या पोटात दुखल्याचे ऐकिवात नाही. दुर्बिणीतून शनीची कडी न्याहाळल्याने शनीचे काही बिघडत नाही आणि शेजाऱ्याच्या शेतावरचा पाऊसही कमी होत नाही. पाहणे निरुपद्रवी असते. परंतु गेल्या दोन दशकांत आकाशासाठी दिल्या जाणाऱ्या दानाचा एक निराळाच प्रकार उदयाला आला आहे. आकाश पाहण्याऐवजी ते थोडेसे बदलता येईल काय, याचा शोध घेण्यासाठी हे दान दिले जाते. तापत चाललेल्या पृथ्वीला कृत्रिम उपायांनी थंड करण्याच्या कल्पना काही वर्षांपूर्वीपर्यंत वेडगळ ठरत असत. त्यांच्या संशोधनाचा बराचसा खर्च सरकारांनी नव्हे, तर मोजक्या धनिकांनी उचलला. हे कसे घडले आणि त्यातून कोणता प्रश्न उभा राहिला, त्याचा हा मागोवा.

ज्वालामुखीने दाखवलेली वाट

या कल्पनेचे मूळ निसर्गातच आहे. मोठा ज्वालामुखी फुटला की गंधकाचा वायू स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या थरात, पोहोचतो. तिथे त्याचे सूक्ष्म थेंब बनतात आणि ते सूर्यप्रकाशाचा काही अंश अवकाशात परतवून लावतात. १९७४ साली लेनिनग्राडचे हवामानशास्त्रज्ञ मिखाईल बुदिको यांनी असे सुचवले, की विमानांतून गंधक वर नेऊन हीच क्रिया माणसाला मुद्दाम घडवून आणता येईल. त्याआधी १९६५ मध्येही अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना सादर झालेल्या एका शास्त्रीय अहवालात, समुद्राच्या पृष्ठभागावर प्रकाश परावर्तित करणारे कण पसरण्याचा विचार मांडला गेला होता. दोन्ही सूचना कागदावरच राहिल्या.

१५ जून १९९१ रोजी फिलिपाइन्समधील पिनाटुबो पर्वत फुटला. शेकडो माणसे दगावली, गावेच्या गावे राखेखाली गेली. सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डाय-ऑक्साइड आकाशात चढला आणि पुढच्या वर्षभरात पृथ्वीचे सरासरी तापमान जवळजवळ अर्ध्या अंशाने उतरले. बुदिकोंचा तर्क निसर्गानेच सिद्ध करून दाखवला. परंतु याच घटनेने आणखी एक गोष्ट दाखवली, जिच्याकडे पुष्कळ वर्षे फारसे लक्ष गेले नाही. १९९२ साली जगभरच्या भूभागावरील पाऊसही लक्षणीयरीत्या घटला होता. ऊन कमी झाले की समुद्राची वाफही कमी होते, आणि वाफ कमी झाली की पाऊस आक्रसतो. पुढील सर्व वादाचे बीज या एका वाक्यात आहे.

तरीही शास्त्रज्ञ या विषयावर उघड बोलायला कचरत असत. धूर ओकणाऱ्या कारखान्यांना आवर घालण्याऐवजी आकाशालाच छत्री लावता येते असे एकदा लोकांना कळले, की धूर कमी करण्याची निकड कोणालाच वाटणार नाही, अशी ती भीती होती. हे मौन मोडले पॉल क्रुट्झेन यांनी. ओझोनच्या थरावरील संशोधनासाठी १९९५ चे नोबेल पारितोषिक मिळालेले आणि व्हॅटिकनमधील परमधर्मपीठाच्या विज्ञान अकादमीचे सदस्य असलेले हे शास्त्रज्ञ उथळ कल्पनांच्या मागे लागणारे नव्हते. ऑगस्ट २००६ मधील आपल्या निबंधात त्यांनी खंत व्यक्त केली, की धूर कमी करण्याचे प्रयत्न साफ अपुरे पडत आहेत. म्हणून निदान आणीबाणीचा उपाय या नात्याने तरी गंधकाच्या मार्गाचा अभ्यास व्हावा. तो वापरण्याची वेळच येऊ नये, ही त्यांची खरी इच्छा होती.

सरकारे मागे, दाते पुढे

क्रुट्झेन यांच्या निबंधामुळे दार किलकिले झाले, परंतु आत जायला पैसा नव्हता. एवढ्या वादग्रस्त विषयावर करदात्यांचा पैसा खर्च करण्यास कोणतेही सरकार धजावेना. अशा पोकळीत नेहमी जे घडते तेच येथे घडले. १९३० साली रॉबर्ट गॉडर्ड यांच्या अग्निबाणांना सरकारी आश्रय नव्हता, तेव्हा डॅनिअल गुगेनहाइम या उद्योगपतीने त्यांना पैसा पुरवला होता. तसाच पैसा आता नव्या युगाच्या धनिकांकडून आला.

२००७ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे. त्या वर्षापासून संगणक-उद्योजक बिल गेट्स यांनी डेव्हिड कीथ व केन काल्डेरा या दोन शास्त्रज्ञांच्या विचाराने खर्च व्हावा म्हणून एक संशोधन-निधी सुरू केला आणि पहिल्या तीन वर्षांत त्यात सुमारे ४५ लाख डॉलर दिले. लसीकरणाच्या कामामुळे आपल्याकडे परिचित असलेल्या त्यांच्या प्रतिष्ठानचा हा पैसा नव्हता. तो त्यांच्या खाजगी मिळकतीतील होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत विमान कंपनीचे मालक रिचर्ड ब्रॅन्सन यांनी हवेतील कर्बवायू मोठ्या प्रमाणावर काढून घेण्याची व्यवहार्य युक्ती शोधणाऱ्यास अडीच कोटी डॉलरचे बक्षीस जाहीर केले. हजारो प्रस्ताव आले, त्यातून अकरा निवडले गेले, पण अटी पूर्ण झाल्या असे कोणाच्याही बाबतीत ठरले नाही. २०१९ मध्ये बक्षीस न देताच ती स्पर्धा गुंडाळण्यात आली.

येथे दोन वेगळ्या उपायांची गल्लत होता कामा नये. पहिल्या प्रकारात हवेत साचलेला कार्बन डाय-ऑक्साइड काढून घ्यायचा असतो. हा रोगाच्या कारणावरचा, परंतु मंद आणि खर्चिक इलाज. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते, आज ते ४२० च्या वर गेले आहेत. यावरून कामाचा आवाका ध्यानात यावा. दुसऱ्या प्रकारात सूर्याचे थोडे ऊन परतवायचे असते. हा ताप उतरवणारी गोळी देण्यासारखा, स्वस्त आणि झटपट इलाज. रोग मात्र आतल्या आत वाढतच राहतो. ब्रॅन्सन यांचे बक्षीस पहिल्या प्रकारासाठी होते; गेट्स यांच्या निधीतून दोन्ही प्रकारांचा अभ्यास झाला. खरे वादळ उठले ते दुसऱ्यावरून.

दात्यांच्या बाजूने एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. त्यांनी पैसा दिला नसता, तर ज्या उपायाचा मोह उद्या एखाद्या घाबरलेल्या राष्ट्राला पडू शकतो, त्याचे धोकेही आपल्याला कळले नसते. लंडनच्या रॉयल सोसायटीने सप्टेंबर २००९ च्या आपल्या अहवालात हेच निदान केले आणि ब्रिटिश सरकारने दरवर्षी एक कोटी पौंड या संशोधनासाठी द्यावेत, अशी शिफारस केली. हा विषय दात्यांच्या मर्जीवर न सोडता लोकांच्या पैशाने आणि लोकांच्या देखरेखीखाली हाताळला जावा, हे त्यामागील मर्म होते. तेवढा पैसा त्या वेळी मिळाला नाही, आणि दात्यांचे महत्त्व वाढत गेले.

गोव्याहून निघालेली विद्या

त्याच वर्षी लोकांच्या पैशाने झालेल्या एका प्रयोगाची हकीकत येथे आवर्जून सांगावीशी वाटते, कारण तिचा संबंध गोव्याशी आहे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी मिळून दक्षिण महासागरात एक प्रयोग आखला. आपल्या ‘लोह’ या शब्दावरूनच त्याला ‘लोहाफेक्स’ असे नाव दिले गेले. गोव्याच्या संस्थेचे वाजिह नक्वी आणि जर्मन संस्थेत काम करणारे भारतीय वंशाचे व्हिक्टर स्मेटासेक हे त्याचे नेते होते. समुद्रात लोहाचा अंश वाढवला की सूक्ष्म पाणवनस्पती फोफावतात, त्या हवेतील कर्बवायू शोषतात आणि मेल्यावर तो घेऊन तळाशी जातात, हा सिद्धान्त. तो कितपत खरा ठरतो हे तपासायचे होते.

७ जानेवारी २००९ रोजी ‘पोलारस्टर्न’ हे जहाज केपटाऊनहून निघाले, आणि पर्यावरणवाद्यांनी आक्षेप घेतला. जर्मनीच्या पर्यावरण मंत्रालयाने प्रयोग थांबवण्याची मागणी केली. जहाज भर समुद्रात असतानाच स्वतंत्र तज्ज्ञांची मते मागवण्यात आली आणि ती अनुकूल आल्यावर जानेवारीच्या अखेरीस संशोधन मंत्रालयाने परवानगी दिली. त्यानंतरच सुमारे तीनशे चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात हिराकशीच्या रूपाने लोह सोडण्यात आले.

निष्पत्ती अनपेक्षित होती. पाणवनस्पती वाढल्या खऱ्या, पण जवळ्याहूनही बारीक अशा कवचधारी जीवांनी त्या फस्त केल्या आणि त्या जीवांवर त्यांहून मोठ्या जीवांनी ताव मारला. ज्या वनस्पतींचे कवच वाळूतील सिलिकाचे असते त्या सहसा अशा खादाडांपासून बचावतात. परंतु त्या पाण्यात सिलिका मुळातच कमी असल्याने त्या वाढल्याच नाहीत. कर्बवायू तळाशी गेला तो नगण्यच. समुद्राला लोहाचा खुराक देऊन हवामान सुधारण्याची स्वप्ने पाहणाऱ्यांना या प्रयोगाने जमिनीवर आणले. त्याला अपयश म्हणणे चूक ठरेल. काय होत नाही हे प्रामाणिकपणे कळणे हीही विद्याच आहे. शिवाय आक्षेप उघडपणे घेतले गेले, त्यांना उघडपणे उत्तर दिले गेले आणि प्रतिकूल निष्कर्षही उघडपणे प्रसिद्ध झाले. दान असो वा सरकारी अनुदान, संशोधनाची प्रतिष्ठा याच तीन गोष्टींत असते.

किरूनाचा धडा

आता हार्वर्डकडे वळू. २०१७ साली त्या विद्यापीठात सूर्यप्रकाश परतवण्याच्या विद्येला वाहिलेला एक संशोधन-कार्यक्रम सुरू झाला. बिल गेट्स, ह्यूलेट प्रतिष्ठान, आल्फ्रेड स्लोन प्रतिष्ठान, ओपन फिलान्थ्रॉपी असे दाते त्यामागे होते. फ्रँक कॉइच आणि डेव्हिड कीथ यांच्या योजनेनुसार एक फुगा सुमारे वीस किलोमीटर उंचीवर जाणार होता आणि तिथे फार तर दोन किलो खडूची भुकटी सोडून तिचे कण कसे वागतात हे मोजणार होता. दोन किलो म्हणजे नगण्यच. कोणाच्याही शेतावर वा आरोग्यावर तिचा परिणाम होण्याचा संभव नव्हता.

हार्वर्डने एक स्वतंत्र सल्लागार समितीही नेमली होती. प्रारंभी भुकटी न सोडता केवळ उपकरणांची चाचणी जून २०२१ मध्ये स्वीडनच्या उत्तर टोकाला, किरूना गावाजवळील अवकाश-तळावरून घ्यायचे ठरले. ही भूमी सामी लोकांची. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया या चार देशांत विखुरलेला, रेनडिअरचे कळप पाळून जगणारा हा मूळनिवासी समाज. फेब्रुवारी २०२१ मध्ये सामी परिषदेने स्वीडनमधील पर्यावरण-संस्थांसह समितीला पत्र लिहिले. आमच्या भूमीवरून हे होणार आहे आणि आम्हाला कोणी विचारलेले नाही, ही त्यांची पहिली तक्रार. आणि जो मार्ग पुढे साऱ्या पृथ्वीला बांधून ठेवू शकतो, त्याचे पहिले पाऊल जगाच्या संमतीविना टाकले जाऊ नये, हा दुसरा आक्षेप.

मार्चच्या अखेरीस समितीने चाचणी स्थगित करण्याचा सल्ला दिला. स्वीडिश अवकाश-संस्थेनेही अंग काढून घेतले. तो फुगा पुढे कधीच उडाला नाही. मार्च २०२४ मध्ये हार्वर्डने प्रयोग कायमचा संपल्याचे जाहीर केले.

या प्रसंगाचा अर्थ लावताना पुष्कळांनी घाई केली. काहींना तो अज्ञानाचा विजय वाटला, काहींना धनदांडग्यांचा पराभव. माझ्या मते दोन्ही अर्थ अपुरे आहेत. शास्त्रज्ञांनी भुकटीचे वजन मोजले, उंची मोजली, वाऱ्याचा वेग मोजला. संमती मात्र वेळीच मागितली गेली नाही. सल्लागार समितीचे सदस्य विद्वान होते, पण ते अमेरिकेतले होते आणि त्यांची नेमणूक विद्यापीठानेच केली होती. प्रयोगाच्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारा एकही सामी माणूस त्या बैठकीत नव्हता. त्यातच मोठ्या दात्याचे नाव जोडले गेल्याने, एक अब्जाधीश सूर्य झाकायला निघाला आहे अशा बातम्या जगभर पसरल्या. खरे पाहता तो अतिरंजित आरोप होता. परंतु जिथे विचारणा होत नाही तिथे अफवा राज्य करतात, हा जगाचा नियम आहे.

धडा किती कमी रुजला, हे २०२४ साली दिसून आले. कॅलिफोर्नियातील अलामिडा शहराच्या धक्क्यावरील एका जुन्या युद्धनौकेवरून, आता जी संग्रहालय आहे, समुद्राच्या खारट पाण्याचे सूक्ष्म तुषार उडवण्याचा प्रयोग वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी सुरू केला. ढग अधिक शुभ्र झाले तर ऊन अधिक परततील, ही त्यामागील कल्पना. येथेही पैसा मुख्यत्वे खाजगी देणग्यांचा होता. नगरपालिकेला पुरेशी कल्पना न देता काम सुरू झाल्याने तिने आधी ते थांबवले आणि जूनमध्ये एकमताने परवानगी नाकारली. तुषारांपासून अपाय होण्याचा धोका तज्ज्ञांना आढळला नव्हता. तरीही लोकांनी नाही म्हटले, कारण त्यांना विचारले गेले ते फार उशिरा.

आपला पाऊस कोणाच्या हाती?

दूरच्या सामींची आणि अलामिडाची ही कहाणी आपल्याशी कशी जोडली आहे, असे वाचक विचारतील. तिचा दुवा आहे मान्सून. उन्हाळ्यात जमीन समुद्राहून अधिक तापते, दोन गोलार्धांच्या उष्णतेत फरक पडतो आणि त्या ओढीने पावसाचा पट्टा उत्तरेकडे सरकत आपल्या किनाऱ्यावर येतो. वसईच्या वाडीपासून विदर्भाच्या कपाशीपर्यंत सर्वांचे जगणे या ओढीवर अवलंबून आहे. स्थितांबरातील कण केवळ उत्तर गोलार्धावर पसरले, तर तो गोलार्ध अधिक थंड होऊन पावसाचा पट्टा दक्षिणेकडे ढकलला जाईल, असे संगणकीय प्रतिमाने दाखवतात. २०१३ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी आफ्रिकेतील साहेल प्रदेशाबाबत हेच दाखवले: उत्तरेत कण सोडले तर दुष्काळ, दक्षिणेत सोडले तर सुकाळ.

भारतापुरते हे काम बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गोविंदसामी बाला यांनी नेटाने केले आहे. २००० साली अमेरिकेत असताना काल्डेरा यांच्यासह त्यांनी सूर्यप्रकाश घटवण्याच्या परिणामांवरील अगदी आरंभीच्या अभ्यासांपैकी एक प्रसिद्ध केला होता. नंतर बंगळुरूत त्यांच्या गटाने दाखवले, की कण कोणत्या अक्षांशावर सोडले जातात यावर उष्ण कटिबंधातील मान्सूनचे भवितव्य अवलंबून राहील. म्हणजे सुकाणू कोणाच्या हाती असेल त्याच्या निवडीवर दुसऱ्याचा पाऊस ठरेल. याच संस्थेतील हवामानबदलाचे संशोधन-केंद्र २००९ साली अर्जुन आणि डायना दिवेचा या दांपत्याच्या देणगीतून उभे राहिले, हेही येथे नोंदवले पाहिजे. दानाविषयी सरसकट संशय बाळगणे योग्य नाही, ते यासाठीच. आपला पाऊस समजून घेण्याची ताकद आपल्याच शास्त्रज्ञांना देणारे दान हे खरोखर सत्पात्री दान होय.

दुसरी चिंता काळाची आहे. गंधकाचे कण वर्ष-दोन वर्षांत खाली येतात. कार्बन डाय-ऑक्साइडचा बराचसा भाग मात्र शतकानुशतके टिकतो. म्हणून ऊन परतवण्याचे काम एकदा मोठ्या प्रमाणावर सुरू केले आणि धूर थांबवला नाही, तर ते पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवावे लागेल. मध्येच ते बंद पडले, तर दबून राहिलेली उष्णता अवघ्या काही वर्षांत उसळून वर येईल. शाळेला दिलेली देणगी एखाद्या वर्षी चुकली, तर एका वर्गाचे छप्पर लांबणीवर पडते. येथे मात्र चूक झाली तर शिक्षा सर्व जगाला. असे ओझे कोणा एका दात्याने, एका कंपनीने किंवा एका राष्ट्रानेही खांद्यावर घेणे शहाणपणाचे नाही. २०२२ साली एका अमेरिकी कंपनीने गुंतवणूकदारांच्या पैशातून मेक्सिकोच्या भूमीवरून गंधकाचे फुगे उडवले आणि ‘थंडावा’ विकायला काढला. पुढच्याच जानेवारीत मेक्सिकोने असे प्रयोग रोखणार असल्याचे जाहीर केले. दानाची जागा व्यापार घेऊ लागला की काय होते, याची ती चुणूक होती.

दानाची दिशा बदलते आहे

सुदैवाने काही दात्यांनी या अनुभवातून बोध घेतला. रॉयल सोसायटी, विकसनशील देशांच्या शास्त्रज्ञांची त्रिएस्ते येथील अकादमी आणि एक अमेरिकी पर्यावरण-संस्था यांनी २०१० मध्ये मिळून एक उपक्रम सुरू केला. आज तो ‘डिग्रीज’ या नावाने ओळखला जातो. ज्यांना या उपायांचा सर्वाधिक लाभ किंवा सर्वाधिक तोटा होईल, त्या गरीब देशांच्या शास्त्रज्ञांनी स्वतःच हा अभ्यास करावा, हा त्याचा हेतू. २०१८ साली ओपन फिलान्थ्रॉपीच्या सुमारे चार लाख डॉलरच्या मदतीतून बांगलादेश, इंडोनेशिया, बेनिन, जमैका अशा आठ देशांतील गटांना पहिली अनुदाने मिळाली. प्रश्न त्यांनी त्यांचेच निवडले: आमच्या दुष्काळाचे काय होईल, आमच्या रोगराईचे काय होईल? हार्वर्डच्या खर्चापुढे ही रक्कम अल्प होती, परंतु तिने विचारणाऱ्याच्या खुर्चीवर निराळी माणसे बसवली.

पैशाचा ओघही वाढला आहे. मार्च २०२१ मध्ये, म्हणजे किरूनाचा प्रयोग स्थगित झाला त्याच महिन्यात, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने सरकारला पाच वर्षांत दहा ते वीस कोटी डॉलर या अभ्यासावर खर्च करण्याचा विचार करावा असे सुचवले आणि लोकसहभागाची व पारदर्शकतेची अट घातली. सायमन्स प्रतिष्ठानाने पाच वर्षांसाठी पाच कोटी डॉलरचा संकल्प सोडला. २०२५ मध्ये ब्रिटनच्या एका सरकारी संस्थेने सुमारे पावणेसहा कोटी पौंडांच्या संशोधन-प्रकल्पांना मंजुरी दिली. म्हणजे रॉयल सोसायटीने २००९ साली मागितलेला सार्वजनिक पैसा सोळा वर्षांनी का होईना, येऊ लागला आहे.

हवेतील कर्बवायू काढून घेण्याच्या बाजूलाही एक लक्षणीय घटना घडली. २०२१ साली इलॉन मस्क यांच्या प्रतिष्ठानाने जाहीर केलेल्या दहा कोटी डॉलरच्या स्पर्धेत एप्रिल २०२५ मध्ये पाच कोटींचे पहिले बक्षीस ‘माती कार्बन’ या संस्थेला मिळाले. तिची रीत साधी आहे. बेसाल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा कातळ; त्याची भुकटी लहान शेतकऱ्यांच्या भातशेतात पसरायची. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कर्बवायू त्या भुकटीशी संयोग पावून दीर्घकाळ बांधला जातो आणि जमिनीला पोषक द्रव्येही मिळतात. भारतातील शेतकऱ्यांच्या बांधावर हे काम चालू आहे. किती वायू खरोखर बांधला गेला याचे काटेकोर मोजमाप अजून कठीण आहे, म्हणून अतिउत्साह नको. पण एक फरक नजरेत भरतो: येथे भुकटी टाकायची की नाही हे त्या शेताचा मालक ठरवतो. पटले नाही तर तो पुढच्या हंगामात नको म्हणू शकतो. आकाशात सोडलेल्या कणांना असे नको म्हणता येत नाही.

संमतीची किंमत

या साऱ्या इतिहासातून एक सूत्र हाती लागते. दात्याचा हेतू शुद्ध आहे की नाही, या चर्चेत आपण फार वेळ घालवतो. हेतू अंतर्यामीचा असतो, तो परमेश्वर जाणे. माणसांनी तपासायच्या गोष्टी उघड्यावरच्या आहेत. ज्यांच्या डोक्यावरच्या आकाशात हे होणार, त्यांना आधी विचारले काय? प्रतिकूल निष्कर्षही प्रसिद्ध होतील याची हमी आहे काय? आणि थांबा म्हणण्याचा अधिकार दात्याच्या व शास्त्रज्ञाच्या बाहेर कोणाकडे आहे काय? गोव्याच्या शास्त्रज्ञांचा प्रयोग दुसऱ्या व तिसऱ्या कसोटीला उतरला. किरूनाचा प्रयोग पहिल्याच कसोटीवर थांबला, मात्र तिसरी कसोटी तिथे अखेर खरी ठरली, हेही मान्य केले पाहिजे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर २०२३ मधील ‘लाउदाते देउम’ या पत्रात इशारा दिला होता, की पुढे येणारी प्रत्येक आपत्ती नव्या तंत्राच्या बळावर निभावून नेता येईल असे मानणे, म्हणजे भेगांवर कागद चिकटवत राहणे होय. त्यांच्याच विज्ञान अकादमीच्या छत्राखाली, क्रुट्झेन यांच्या सहभागाने, २०११ साली निघालेल्या हिमनद्यांवरील अहवालानेही धूर कमी करण्याला हे उपाय पर्याय ठरू शकत नाहीत, असेच म्हटले होते. संशोधनाला नकार हा त्याचा अर्थ नव्हे. ताप मोजायलाच नको असे कोणताही वैद्य म्हणणार नाही. पण गोळी हाती आली म्हणून रोग विसरण्याची मुभा त्यातून कोणाला मिळत नाही.

जेम्स लिकच्या दुर्बिणीने त्याचे नाव अमर केले आणि कोणाचे काही हिरावून घेतले नाही. आजच्या दात्यांपुढचे काम त्याहून अवघड आहे, कारण त्यांचे दान ज्या आकाशाशी संबंधित आहे ते सामींच्या कळपांवर पसरले आहे, तसेच आपल्या भातखाचरांवर आणि कोळी बांधवांच्या होड्यांवरही पसरले आहे. त्या आकाशाचा सातबारा कोणाच्याच नावावर नाही. म्हणून त्याच्यासाठी दिल्या जाणाऱ्या प्रत्येक देणगीच्या पावतीवर, विचारून घेतले असल्याची नोंद रकमेच्याही वर असली पाहिजे.